मगरिबनंतरचं लीड्स

"इंग्लंड ज्याने तिकीट काढून पाहिलं, त्याने इंग्लंड पाहिलंच नाही!"

डॉ. विजय रिसबूड यांनी हे उद्गार काढले आणि सौदी अरेबियातल्या कतीफच्या त्या कंपाउंडातल्या हॉलमध्ये शांतता पसरली. डॉक्टरांना ती आदराची वाटली. वास्तविक त्या क्षणी मसालेभात फिरत होता आणि मराठी मंडळाची तोंडं भरलेली होती. शिवाय ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होतं, की डॉक्टरांनी इंग्लंड तिकीट काढून पाहिलेलं नव्हतं आणि न काढताही पाहिलेलं नव्हतं. पश्चिमेकडे त्यांची सर्वांत लांबची मजल सौदीतल्याच राबिघपर्यंत गेली होती. तिथेही ते रिफायनरीतल्या कामगारांचे कान तपासायला गेले होते आणि संध्याकाळच्या विमानाने परत आले होते.

पण इंग्लंडवर बोलायला इंग्लंडला जावं लागतं, असं डॉक्टरांना कधी वाटलं नाही. मंडळातले हाडांचे डॉक्टर सिद्धार्थ गायकवाड खुद्द लीड्स शहरात वर्षभर राहून आले होते. ते त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, त्यामुळे त्यांच्या माहितीला मंडळात काडीची किंमत नव्हती.

विषय निघाला होता तो रिसबुडांच्या मुलांवरून. अवंती अकरावी संपवून बारावीत गेली होती, वेदांत नववीत होता. डॉक्टरांची चुलत बहीण अनिता लीड्सच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. तिने फोनवर म्हटलं होतं, "विजूदादा, पाठव की पोरांना जुलैत. मी दिवसभर ड्यूटीवर असेन, पण घर आहे, किल्ली आहे. फिरतील त्यांची ती." विमानाचं भाडं डॉक्टर देणार होते. त्यापुढे मात्र, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, इंग्लंडने आपला खर्च आपण करायचा होता.

"आपली पोरं फिरायला जातात म्हणजे कुठे जातात?" डॉक्टरांनी हॉलला विचारलं आणि उत्तरही दिलं. "मॉलमध्ये! एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालतात, फूड कोर्टात बटाट्याच्या सळ्या खातात आणि परत पहिल्या टोकाला येतात. नाहीतर हायपरमार्केट! रिकामी ट्रॉली ढकलत दोन तास फिरतात आणि च्युइंग गम घेऊन घरी येतात. याला फिरणं म्हणतात? याला प्रदक्षिणा म्हणतात. तीही देव नसलेल्या देवळाची."

"मग दुसरं आहे काय इथे जुलैत?" नंदावहिनी म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या पत्नी होत्या आणि त्यांच्या भाषणात व्यत्यय आणण्याचा परवाना फक्त त्यांच्याकडे होता. "दिवसा तर तूच बाहेर पडू देत नाहीस."

ते खरं होतं. वेदांत तिसरीत असताना भर दुपारी कंपाउंडात क्रिकेट खेळायला गेला आणि घेरी येऊन पडला. तेव्हापासून डॉक्टरांनी घरात कायदा केला होता: मगरिबची, म्हणजे सूर्य बुडाल्याची, बांग ऐकू येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. उन्हाळ्याच्या सुटीत रिसबुडांच्या घराचे पडदे दिवसभर ओढलेले असत. मुलं दुपारी उठत, जेवत, पुन्हा आडवी होत आणि बांग झाली की बूट चढवत. या कायद्यावर डॉक्टरांनी मंडळात एक निबंधही वाचला होता. त्याचं नाव 'ऊन आणि आपण'. तो अर्धा तास चालला होता आणि सुदैवाने सावलीत झाला होता.

"इथली गोष्ट वेगळी," डॉक्टर म्हणाले. "मी बोलतोय संस्कृतीबद्दल." आणि त्यांनी पापड मोडला.

पुढचा महिनाभर डॉक्टर लीड्समध्ये राहिले. म्हणजे देहाने कतीफच्या दवाखान्यात होते, पण दोन रुग्णांच्या मध्ये फोनवर नकाशा उघडून लीड्सचे रस्ते तुडवत होते. रोज संध्याकाळी ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर तोच नकाशा लावून मुलांना समोर बसवत.

"हा बघा हेडरो. मोठा रस्ता. इथे आर्ट गॅलरी. फुकट! इथून असं वर गेलात की शहराचं म्युझियम. तेही फुकट! आणि इकडे पाण्याच्या काठाला जुन्या शस्त्रांचं म्युझियम. चिलखतं, तलवारी, आणि हत्तीचं चिलखत! आपल्या देशातून नेलेलं. म्हणजे त्याचं तिकीट आपल्या पूर्वजांनी भरून ठेवलंय. तुम्ही नुसतं आत जायचं."

"फूड कोर्ट आहे का?" वेदांतने विचारलं.

"हत्तीचं चिलखत आहे म्हणतोय मी."

"नो, बट आफ्टर द हत्ती."

अवंतीने फोनमधून मान वर केली. "बाबा, व्हॉट्स द वाइब?"

"काय आहे का?"

"वातावरण कसं आहे विचारतेय ती," नंदावहिनी आतून ओरडल्या.

"सुसंस्कृत!" डॉक्टरही ओरडून म्हणाले.

अवंतीने वेदांतकडे पाहिलं. वेदांतने छताकडे पाहिलं. ही मुलं बापाशी इंग्रजीत बोलत, आपसांत हिंदीत, आणि मराठीत फक्त भूक लागल्यावर. डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला त्यांचं एकच उत्तर असे, "ओके बाबा," आणि ते अशा सुरात असे की त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

डॉक्टरांची इच्छा तशी लहान होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पुढच्या वर्षी अवंती कॉलेजसाठी पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. त्याआधी मुलांच्या तोंडून, स्वच्छ मराठीत, एकदा त्यांना ऐकायचं होतं: बाबा, तुम्ही सांगितलं तसंच. एवढंच. बाकीचं इंग्लंड राहिलं तरी चालणार होतं.

इंग्लंडवरचं त्यांचं प्रेम हे असं दुरूनचं होतं. रोज सकाळी ते पोळीला मार्मालेड लावून खात, म्हणजे संत्र्याच्या सालींचा इंग्रजी मुरांबा. आणि रोज म्हणत, "हे खरं नव्हे. खरं मार्मालेड कडू असतं." खरं मार्मालेड त्यांनी कधी चाखलं नव्हतं. पण निषेध पक्का होता.

दम्मामच्या विमानतळावर नंदावहिनींनी मुलांच्या हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तिथे तरी घराबाहेर पडा रे. आत्याच्या घरी लोळत राहू नका."

डॉक्टरांना शेवटचा शब्द बायकोकडे राहिलेला आवडत नसे. "आणि उन्हाचं लक्षात ठेवा!" ते म्हणाले. "देश बदलला म्हणून सूर्य बदलत नाही. सूर्य सगळीकडे तोच आहे."

"ओके बाबा," मुलं म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून फोटो येऊ लागले. गॅलरीसमोर अवंती. म्युझियमसमोर वेदांत. शस्त्रांच्या म्युझियमसमोर दोघं, वेदांतने हवेत तलवार धरल्याचा आव आणलेला. डॉक्टर फोटो आला रे आला की मंडळाच्या ग्रुपवर टाकत आणि खाली ओळ लिहीत: 'लीड्सचं कलादालन. प्रवेशमूल्य: जिज्ञासा.' शुक्रवारच्या जेवणात हे फोटो फोनवर पुन्हा एकदा दाखवले जात, कारण ग्रुपवर आधीच पाहिलेत असं सांगायची कुणाची छाती नव्हती.

"प्रकाश किती छान आहे," मंडळाच्या सेक्रेटरी श्रुती गायकवाड म्हणाल्या. "सगळ्या फोटोंत तसाच. निळसर."

"इंग्लंडचा प्रकाश मवाळच असतो," डॉक्टर म्हणाले. "आपल्यासारखा अंगावर येत नाही."

"माणसं दिसत नाहीत कुठे."

"तिथले लोक फोटोच्या मध्ये येत नाहीत, श्रुतीवहिनी. शिस्त आहे."

सिद्धार्थ गायकवाडांनी चष्मा वर करून फोटो जवळून पाहिला. "दार बंद दिसतंय, विजय."

"थंड हवेचा देश आहे. दारं सताड उघडी टाकायला ते काय आपलं मंगल कार्यालय आहे?"

वर्षभर त्या दारांतून ये-जा केलेले सिद्धार्थ "तेही खरंच" म्हणाले आणि काकडीच्या कोशिंबिरीकडे वळले.

अनिताच्या फोनने तर डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं. "विजूदादा, काय पोरं आहेत रे तुझी! मी बारा तास उभी राहून घरी येते, बूट काढायचं त्राण नसतं, आणि ही आंघोळ करून, केस विंचरून दारात उभी! 'आत्या, आम्ही निघालो.' अरे, दिवसभर फिरून पुन्हा निघतात! ही ताकद येते कुठून?"

"शिस्तीतून," डॉक्टर म्हणाले.

हे त्यांनी दवाखान्यातही सर्वांना सांगितलं. रुग्णांना तर ऐकावंच लागलं, कारण त्यांचे कान डॉक्टरांच्या हातात होते.

एव्हाना मंडळातल्या चार कुटुंबांनी पुढच्या जुलैत आपापली मुलं कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाकडे इंग्लंडला धाडायचं ठरवलं होतं. मार्गदर्शक म्हणून डॉक्टर रिसबूड. श्रुतीवहिनींनी येत्या शुक्रवारी खास कार्यक्रमच ठेवला: जेवण झालं की हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर मुलांना थेट लीड्सहून व्हिडिओ कॉल. मुलांना आधी कळवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "बेसावध गाठू. खरी जिज्ञासा बेसावधपणीच दिसते."

शुक्रवारी आमरस झाला, पंगत उठली, खुर्च्या लागल्या. डॉक्टर इस्त्रीचा झब्बा घालून टीव्हीशेजारी उभे राहिले.

"आपल्याकडे साडेतीन," त्यांनी घड्याळ दाखवलं. "म्हणजे तिथे दुपारचा दीड. दीड वाजता हुशार प्रवासी कुठे असतो? सकाळी गॅलरी उरकलेली, डबा खाल्लेला, आणि आता तो हत्तीच्या चिलखतासमोर उभा असतो. बघा तुम्ही."

फोन लागला. बराच वेळ वाजला. मग टीव्ही काळा झाला.

"अंधार आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्युझियममध्ये दिवे मंदच ठेवतात," डॉक्टर म्हणाले. "जुन्या वस्तूंना उजेड बाधतो."

काळोखात काहीतरी हललं. ती जुनी वस्तू नव्हती, उशी होती. वेदांतचा आवाज आला, "अवू, फोन बंद कर ना यार, सोने दे." मग पडद्यावर अवंतीचा अर्धा चेहरा उगवला. एक डोळा मिटलेला, गालावर उशीच्या सुरकुत्या.

"अवंती!" डॉक्टर म्हणाले. "कुठे आहात तुम्ही?"

"बेडमध्ये."

"बेडमध्ये म्हणजे?"

"मीन्स बेडमध्ये, बाबा. इट्स वन थर्टी."

"दुपारचे!"

"हां, तेच तर. दुपार आहे. बाहेर ऊन आहे."

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. सिद्धार्थ गायकवाडांनी, हाडं बसवताना विचारावं इतक्या हळुवारपणे, विचारलं, "किती ऊन आहे गं, बाळा?"

"एटीन डिग्रीज, अंकल. बट सनी."

हॉलचा एसी त्या वेळी बाविसावर होता आणि श्रुतीवहिनी शाल पांघरून बसल्या होत्या.

"मग तुम्ही बाहेर पडता कधी?" हे नंदावहिनींनी विचारलं.

"मगरिबनंतर. इथे बांग ऐकू येत नाही ना, म्हणून वेदूने फोनवर लीड्सचा मगरिबचा टाइम काढला. पण आई, इथे मगरिब खूप लेट आहे! साडेनऊ! आम्ही आंघोळ करून बसून राहतो. सूरज जाता ही नहीं."

"आणि म्युझियम?" श्रुतीवहिनींनी विचारलं.

"बंद. रोज बंद असतं, आंटी. पाचला सगळं बंद होतं म्हणे. आम्ही दरवाजासमोर फोटो काढतो आणि येतो."

आता हॉल हसायला लागला. आधी मागच्या रांगेतून खुसखुस आली, मग मधल्या, आणि शेवटी पहिल्या रांगेतले लोक तोंडावर रुमाल धरून पुढे वाकले. ज्या चार कुटुंबांनी मार्गदर्शक नेमला होता, ती सर्वांत मोठ्याने हसत होती.

"अगं, पण तो नियम इथला!" डॉक्टर ओरडले. "या वाळवंटातला! तिथे लोक ऊन पडलं की कपडे काढून गवतावर लोळतात! तुम्हाला एवढी अक्कल नाही? दोन-दोन स्मार्टफोन, इंग्रजी शाळा, आणि अठरा डिग्रीत पडदे ओढून बसता?"

अवंतीचा दुसरा डोळा उघडला. ती उठून बसली. आणि जे वाक्य ऐकण्यासाठी डॉक्टरांनी महिनाभर नकाशे चाळले होते, ते तिने उच्चारलं. स्वच्छ मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता, मोठ्या टीव्हीवर, सर्वांसमक्ष.

"बाबा, आम्ही तुम्ही सांगितलं तसंच केलं. सूर्य सगळीकडे तोच आहे, असं तुम्हीच म्हणालात ना विमानतळावर?"

डॉक्टरांनी टीव्हीवरची अवंती सोडून नंदावहिनींकडे पाहिलं.

"बरोबर आहे तिचं," नंदावहिनी म्हणाल्या. "मी शेजारीच होते."

"म्हणजे या तीन आठवड्यांत तुम्ही इंग्लंडमधलं काहीच बघितलं नाही?" डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"बघितलं की!" वेदांत उशीतून ताडकन उठला. "सुपरमार्केट!"

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"बाबा, आत्याच्या गल्लीच्या टोकाला मोठं सुपरमार्केट आहे, ते उशिरापर्यंत उघडं असतं. आम्ही रोज ट्रॉली घेऊन फिरतो. आणि तिकडे एक काका येतो, त्याच्या हातात स्टिकरचं मशीन असतं." वेदांत मराठीत बोलत होता. विषय खाण्याचा होता. "जे उद्या खराब होणार, त्याच्यावर तो पिवळा स्टिकर लावतो. किंमत एकदम खाली! लोक त्याच्या मागे-मागे फिरतात, पण कोणी धक्का देत नाही. सगळे असं दाखवतात की आपण दुसरंच काहीतरी बघतोय. मग तो काका वळला की झडप! काल आम्ही चीजचा एवढा मोठा तुकडा आणला. परवा सॅमन मासा. आत्या म्हणाली, तिला इतक्या वर्षांत हे कळलं नाही. ॲपल पाय पण असते, सफरचंदाची. आई, ती गरम करून खाल्ली ना..." त्याने नुसता हात छातीवर ठेवला.

हॉलमधलं हसू थांबलं होतं. लोक खुर्च्या पुढे ओढत होते.

"चीज कुठलं रे?" मधल्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"सॅमन ताजा असतो का पण?"

"पिवळा स्टिकर साधारण किती वाजता लागतो?" हे चार कुटुंबांपैकी एकाने विचारलं.

"मगरिबच्या थोडं आधी सुरू होतं म्हणे, अंकल," वेदांत म्हणाला. "पण खरी मजा नंतर."

"हा! हाच तो अधःपात!" डॉक्टरांना वाचा फुटली. झब्ब्याच्या बाह्या मागे सारून ते टीव्हीकडे बोट दाखवून बोलू लागले. "हत्तीचं चिलखत! शंभर पावलांवर! त्या हत्तीने समुद्र ओलांडला, आणि ही कार्टी रस्ता ओलांडू शकत नाहीत, कारण ऊन आहे! तीन आठवडे इंग्लंडमध्ये राहून यांनी काय मिळवलं? शिळं चीज! कतीफच्या हायपरमार्केटात जी ट्रॉली ढकलत होते तीच ढकलायला मी यांना विमानात बसवलं? आणि तुम्ही," ते हॉलकडे वळले, "तुम्ही सुशिक्षित लोक, डॉक्टर, इंजिनियर, तुम्ही यांना सॅमनचा भाव विचारता! तुमची लायकी बघून मला तुमची कीव येते. उद्या सकाळी नऊ वाजता, ऐकतोस ना वेदांत, ऊन असो, जाळ असो, त्या म्युझियमच्या दारात उभं राहायचं! दार उघडल्याचा फोटो पाठवायचा! मला उघडं दार दिसलं पाहिजे!"

"दहाला उघडतं ते," सिद्धार्थ गायकवाड म्हणाले. लीड्सबद्दल त्यांनी आपण होऊन मंडळाला दिलेली ही पहिली माहिती.

"दहाला!" डॉक्टर गरजले.

"ओके बाबा," अवंती म्हणाली. सूर नेहमीचाच होता. मग तिने जांभई दिली आणि फोन बंद करायला बोट पुढे केलं.

"थांब," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी झब्ब्याची बाही खाली केली. मागे नंदावहिनी उभ्या होत्या, पुढे अख्खं मंडळ कान टवकारून बसलं होतं. ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले, जणू त्यामुळे आवाज फक्त लीड्सलाच ऐकू जाणार होता.

"अवंती, त्या पिवळ्या स्टिकरात मार्मालेड येतं का गं कधी? कडूवालं. म्हणजे मुद्दाम शोधू नकोस. पण दिसलं, तर एक बाटली उचल." ते किंचित थांबले. "झाकण चेपलेलं असलं तरी चालेल."